ताशी सत्तरला येणारी थरथर: इंजिन की प्रोपेलर शाफ्ट?

माझ्या जुन्या अ‍ॅम्बेसेडर मार्क-टूमध्ये इसुझूचे १८१७ सीसी पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवल्यानंतर जालना रस्त्यावर ताशी सत्तरच्या आसपास आसनाखाली जोरदार थरथर जाणवू लागली. अशा वेळी आपल्याकडे प्रथम चाकांचे बॅलन्सिंग करून घेण्याचा सल्ला मिळतो. तेही झाले, परंतु फरक पडला नाही.

मग त्याच वेगाने एकदा चौथ्या आणि एकदा पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवली. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यावरही ती केवळ वेगाबरोबर ओसरली, आणि उभ्या गाडीत इंजिन तितक्याच फेऱ्यांवर नेले असता ती आलीच नाही. म्हणजे इंजिन निर्दोष होते. संशय उरला तो प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर.

या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस जॉइंट, म्हणजे कोनात राहूनही फिरू शकणारे सांधे असतात. असा सांधा कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडील भागाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, आणि दोन्ही टोकांचे कोन समान असतील तरच हा चढउतार परस्पर रद्द होतो. कोनमापकाने पाहता पुढचा कोन सुमारे दोन अंश, तर मागचा पाच अंश निघाला, कारण नवा गिअरबॉक्स मूळ उतारावर बसलेलाच नव्हता. मागचे पाटे (स्प्रिंग) आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये तीन अंशांची लोखंडी पाचर घालून पिनियनचे, म्हणजे शाफ्टला जोडलेल्या अ‍ॅक्सलमधील लहान दातेरी चाकाचे, तोंड वर उचलताच थरथर गेली. अ‍ॅक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र काही दिवस चालवल्यावर पुन्हा आवळावे लागतात.