नवा लॅपटॉप घेण्याआधी आठ दिवस वही ठेवा

सोमवार, सकाळी ९.१०. बटण दाबलं. वर्ड उघडून पहिलं अक्षर उमटेपर्यंत ७ मिनिटं.
सोमवार, दुपार. शब्दकोशाची पीडीएफ. पान उलटलं की आधी पांढरं, मग सावकाश अक्षरं.
मंगळवार. व्हिडिओ कॉल. पंखा घरघरतोय, माझा आवाज तुटतोय.
बुधवार. तक्रार नाही.
गुरुवार. चार्जरची वायर निघाली. २५ मिनिटांत बंद.

ही माझी २०२० सालची वही. मी भाषांतरं करते. लॅपटॉप २०१६ चा, आणि तोवर त्याने मला इतकं रडकुंडीला आणलं होतं की नव्याची यादी तयार होती. तीन मॉडेलं, त्यांची तुलना, रंगसुद्धा ठरलेला. नवऱ्याने एवढंच विचारलं, "आत्ताचा नेमकं काय करत नाही?" म्हटलं, "स्लो आहे." "कुठे स्लो आहे?" यावर मला काही सांगता येईना. मग वही काढली, खरं तर त्याला दाखवून देण्यासाठीच. आठ दिवसांनी वाचली तेव्हा उलटंच झालं. या चार तक्रारी एका दुखण्याच्या नव्हत्याच. दोन डिस्कच्या (जिथे फाइली साठतात) आणि रॅमच्या (चालू कामापुरती मेमरी), एक धुळीची, एक बॅटरीची. यांतली एकही नवा लॅपटॉप मागत नव्हती.

तेव्हापासून मला कुणी "कोणता घेऊ?" विचारलं की मी आधी वही ठेवायला लावते. लिहायचं एवढंच: वेळ, कोणता प्रोग्रॅम, किती मिनिटं थांबलात, आणि चार्जर लावलेला होता की नव्हता. "स्लो" हा शब्द लिहायला बंदी. तो लिहिला की पुढे काही शोधावंसं वाटत नाही.

वही सुरू करण्याआधी मशीन रीस्टार्ट करा. शट डाऊन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर आतली बरीचशी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. कोरी सुरुवात रीस्टार्टनेच होते. टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडायचा ते पुढे सांगते) सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर 'अप टाइम' दिसतो, म्हणजे शेवटच्या रीस्टार्टपासूनचा काळ. रोज रात्री मशीन इमानदारीत बंद करणाऱ्या माझ्या बहिणीचा अप टाइम ४१ दिवस निघाला होता.

आणि साइट उघडत नसेल तर तीच साइट त्याच वायफायवर फोनवर उघडून बघा. तिथेही रखडली तर लॅपटॉपला बोल लावू नका.

आता मुख्य काम. पुढच्या वेळी वाट बघायची पाळी आली की नुसतं बघत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर. सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन आकडे त्याच क्षणी वाचायचे. सगळं सुरळीत झाल्यावर वाचून काही कळत नाही.

माझ्या सोमवारच्या सात मिनिटांत सीपीयू होता १८ टक्के, म्हणजे बिचारा रिकामा बसलेला. डिस्क १०० टक्के आणि मेमरी ४ जीबीपैकी ३.६ भरलेली. आत साधी फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची. अशा डिस्कवर वाचणारा काटा दर वेळी नव्या जागी सरकवावा लागतो, आणि विखुरलेल्या जागा गाठायच्या म्हटलं तर सेकंदाला शंभरेक जमतात. एसएसडी म्हणजे चिपांची डिस्क, तिच्यात सरकणारं काही नसतंच, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. त्यात मेमरी भरली की विंडोज तिथला माल डिस्कवर ठेवायला लागतं, म्हणजे दमलेल्या डिस्कवर आणखी ओझं. पीडीएफची पांढरी पानं याच कारणाने यायची.

मी एसएसडी बसवला, रॅम ४ ची १२ जीबी केली. सात मिनिटांची पाऊण मिनिट झाली. त्या लॅपटॉपवर पुढे पाच वर्षं काम केलं.

मात्र पार्ट मागवण्याआधी मागचं झाकण उघडून बघा, किंवा मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली, असते, ती वाढवता येत नाही. जिथे वाढते तिथे रॅमची पिढी बघा, डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. एसएसडी अडीच इंची लागतो की एम डॉट टू (छोट्या पट्टीसारखा), आणि एम डॉट टू असेल तर जोडणी साटा पद्धतीची की एनव्हीएमई, हेही बघा. खाच सारखी दिसते म्हणून मी एकदा चुकीचा मागवलाय. बॅकअप आधी घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण लोक घेत नाहीत.

डिस्क आणि मेमरी निवांत असूनही मशीन अडखळत असेल, तर सीपीयूच्या पानावर टक्क्यांशेजारी गिगाहर्ट्झमधला वेग असतो, तो बघा. काम जोरात चालू असताना तो छापील वेगाच्या बराच खाली येत असेल आणि पंखा ओरडत असेल, तर चिप तापून स्वतःला आवरतेय. माझ्या मंगळवारच्या कॉलचं कारण हेच. पंख्यामागच्या जाळीतून बोटभर जाड नमद्यासारखी धूळ निघाली. चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, सुकला होता, तोही बदलून घेतला. फुंकणीने हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, गरागरा फिरू देऊ नका.

भाच्याचं प्रकरण याहून मजेशीर. त्याचा लॅपटॉप तीनच वर्षांचा, एसएसडी असलेला, तरी माऊसचा बाण हलवला की बाण मागाहून येणार. घरात नव्याची बोलणी पक्की झालेली. मी वही ठेवायला लावली आणि दोन दिवसांत त्याचा फोन आला, "मावशी, चार्जर लावलेला असतानाच होतंय." मला पटेना. एरवी चार्जर काढला की मशीन मंदावतं, इथे उलटं. टास्क मॅनेजर उघडला तर वेग ०.३९ गिगाहर्ट्झ. वायर उपसली, आकडा उडी मारून ३ च्या वर. परत खुपसली, परत ०.३९. आम्ही चार वेळा केलं, निव्वळ करमणूक म्हणून. मूळ चार्जर हरवल्यावर त्याने मित्राचा जुना आणला होता. पिन बसत होती, पण लॅपटॉपला तो ओळखता येत नव्हता. काही कंपन्यांची मशिनं अनोळखी चार्जर लागला की सीपीयूचा गळाच आवळतात, वीज अपुरी पडू नये म्हणून. योग्य चार्जर आला, बोलणी मोडली. चार्जरचा रकाना वहीत मी त्यानंतरच सक्तीचा केला.

बॅटरीसाठी विंडोजमध्ये एक आज्ञा आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवर' लिहून त्याला सी, एफ, जी ही अक्षरं जोडायची, एक जागा सोडायची, तिरकी रेघ (/) द्यायची आणि 'बॅटरी रिपोर्ट' हे शब्द न तोडता लिहायचे. एक फाइल तयार होते, ती कुठे ठेवली तेही तिथेच सांगितलेलं असतं. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शोधा. माझे होते ४१,००० आणि १६,४००, म्हणजे चाळीस टक्के उरलेली. बॅटरी बदलली, विषय संपला. पण टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर बॅटरी फुगलीय. त्या दिवशी वहीबिही बाजूला ठेवायची. चार्जिंग बंद, टोचायची नाही, दाबायची नाही, माहीतगाराकडून काढून घ्यायची.

मशीन ठणठणीत आहे पण विंडोज संपलं, ही तक्रार हल्ली जास्त ऐकू येते. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेचा एक भाग) लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम नाही असा संदेश आला म्हणून लगेच हार मानू नका, कित्येकदा तो असतो पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद केलेला असतो. माझा मात्र सहाव्या पिढीचा, तिथे मार्गच नव्हता. मी विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग, प्रिंटर, सगळं जागच्या जागी सापडल्यावरच बसवलं. माझं भाषांतराचं टूल ब्राउझरमध्ये चालतं म्हणून मला जमलं. तुमचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल आणि पोट त्याच्यावर असेल, तर नवा घेण्याचं ते खरं कारण आहे.

खरी कारणं असतातच. मदरबोर्ड गेला. रॅम ४ जीबी आणि तीही सोल्डर केलेली. बिजागरी तुटताना पडद्याची चौकटही घेऊन गेली. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापुढे गेला की मीसुद्धा हात आखडते. नियम माझा घरगुती आहे, तुमचा तुम्ही ठरवा. नव्याकडे डोळा असेल तर एक दिवस कुणाचा तरी नवा लॅपटॉप मागून आणा आणि त्यावर स्वतःचं रोजचं काम करा. दुकानात मांडलेल्या मशीनवर तुमच्या चाळीस टॅब उघडलेल्या नसतात.

आता माझ्याबद्दल. गेल्या महिन्यापासून सबटायटलांचं काम घेतलंय आणि वही पुन्हा बाहेर आलीय. या वेळी आठही दिवस एकच ओळ: व्हिडिओ अडकतो, सीपीयू १०० टक्के, डिस्क आणि मेमरी मोकळी. येणाऱ्या फाइली एचईव्हीसीच्या (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत), १० बिटच्या. त्या उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या चिपमध्ये सातव्या पिढीपासून आली, माझ्या सहाव्यात सगळा भार सीपीयूवर पडतो. इथे बदलायला सुटा पार्टच नाही. म्हणजे घ्यायचा. यादी वहीवरूनच केली: १० बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ (तशीच दुसरी पद्धत) दोन्ही चिपमध्येच उलगडणारा, १६ जीबी रॅम, आणि शक्यतो एक खाच मोकळी. रंग लिहिलेला नाही.

जुन्यातला एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घालणार आहे, बॅकअपसाठी. रॅम डीडीआर४ आहे, नव्यात डीडीआर५ असेल, त्यामुळे ती तिथे चालायची नाही. बहिणीच्या लॅपटॉपला चालते का, ते झाकण उघडून बघायचंय.