कीकॅडमध्ये एका सिम्बॉलवरून व्हेरियंट कसे बनवायचे

कीकॅड हे सर्किट आणि बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर; त्यात पार्टचं सर्किटच्या आकृतीतलं चिन्ह म्हणजे सिम्बॉल. ७८०५ आणि ७८१२ हे ठरावीक व्होल्टेज देणारे दोन रेग्युलेटर चिन्हाच्या दृष्टीने सारखेच. पाय तेच, क्रम तोच. एक ५ व्होल्ट देतो, दुसरा १२. तरीही अनेक जण ७८१२ साठी अख्खं सिम्बॉल नव्याने काढतात. पुढे एकात दुरुस्ती होते आणि दुसरं जुनंच राहतं. त्यापेक्षा डिराइव्ह केलेलं सिम्बॉल, म्हणजेच व्हेरियंट, बरं: आकृती आणि पिना मूळ सिम्बॉलच्या, बाकी माहिती स्वतःची.

कीकॅडसोबत येणाऱ्या लायब्ररी फक्त वाचण्यापुरत्या असतात. म्हणून सिम्बॉल एडिटरच्या 'फाइल' मेनूतून आधी स्वतःची लायब्ररी तयार करा. ग्लोबल की प्रोजेक्ट, असं विचारलं जाईल. डिझाइन दुसऱ्याकडे जाणार असेल तर प्रोजेक्टच निवडा. आता ७८०५ चं सिम्बॉल कॉपी करून इथे पेस्ट करा, कारण मूळ आणि व्हेरियंट एकाच लायब्ररीत असावे लागतात.

मग 'न्यू सिम्बॉल' उघडा, नाव द्या ७८१२, आणि 'डिराइव्ह फ्रॉम एक्झिस्टिंग सिम्बॉल'च्या यादीतून ७८०५ निवडा. प्रॉपर्टीजमध्ये व्हॅल्यू, फुटप्रिंट (बोर्डावर पार्ट जिथे बसतो त्या तांब्याच्या पॅडांचा आराखडा), वर्णन आणि डेटाशीटची लिंक भरा. उत्पादकाचा पार्ट नंबर वेगळ्या फील्डमध्ये टाकलात तर खरेदीची यादी काढताना हाताने काही जुळवावं लागत नाही. सेव्ह करा. एक लक्षात असू द्या: मूळ सिम्बॉल डिलीट केलं की त्यावरून काढलेले सगळे व्हेरियंटही जातात.

खरी फसगत होते ती पिनांच्या क्रमात. टीओ-२२० या पॅकेजमधल्या (पॅकेज म्हणजे पार्टचं बाहेरचं आवरण) ७८०५ ची १ नंबरची पिन इनपुट, २ ग्राउंड, ३ आउटपुट. टीओ-९२ मधल्या ७८एल०५ मध्ये १ आउटपुट आणि ३ इनपुट, म्हणजे बरोबर उलट. ७९०५ चं तर १ ग्राउंड, २ इनपुट. डिराइव्ह केलेल्या सिम्बॉलमध्ये पिना बदलता येत नाहीत, त्यामुळे या दोघांसाठी वेगळं मूळ सिम्बॉलच हवं. नुसतं नाव आणि फुटप्रिंट बदलून काम भागवलंत, तर ईआरसी (सर्किटमधल्या जोडण्या तपासणारी कीकॅडची चाचणी) एक अक्षर बोलणार नाही. त्याला डेटाशीट थोडंच वाचता येतं! ट्रान्झिस्टरचंही तसंच. टीओ-९२ मध्ये बीसी५४७ चा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर, २एन३९०४ चा एमिटर-बेस-कलेक्टर.

सॉट-२२३ पॅकेजमध्ये येणाऱ्या एएमएस१११७ या रेग्युलेटरचा टॅब (धातूची रुंद पट्टी) आतून २ नंबरच्या पिनला, म्हणजे आउटपुटला जोडलेला असतो. त्यासाठी नावात 'टॅबपिन२' असलेलं फुटप्रिंट घ्या. टॅबला ४ नंबर असलेलं घेतलंत आणि सिम्बॉलला चौथी पिन नसली, तर टॅबच्या पॅडला कुठलंच नेट, म्हणजे विद्युत जोडणी, मिळत नाही. मग आउटपुटचं कॉपर त्याला जोडता येत नाही आणि उष्णता बाहेर पडायचा मुख्य रस्ताच बंद होतो.

एखादा पार्ट काही बोर्डांवर बसवायचाच नसेल, तर त्यासाठी व्हेरियंट बनवत बसू नका. कीकॅड ७ पासून सिम्बॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डू नॉट पॉप्युलेट' आहे, त्यावर टिक करा.

लायब्ररीत केलेला बदल स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) आधीच ठेवलेल्या सिम्बॉलपर्यंत आपोआप पोहोचत नाही, कारण स्कीमॅटिक स्वतःची प्रत सांभाळतं. 'टूल्स'मधून 'अपडेट सिम्बॉल्स फ्रॉम लायब्ररी' चालवा आणि कोणती फील्ड बदलायची ते तिथेच ठरवा. नंतर हे बदल बोर्डावर आणायला पीसीबी एडिटरमध्ये एफ८ दाबा. फुटप्रिंट बदललं असेल तर स्कीमॅटिकप्रमाणे फुटप्रिंट बदलण्याचा पर्याय टिक करायला विसरू नका, नाहीतर बोर्डावर जुनंच राहील.