माळ्यावरचा व्हिडिओ गेम खाली काढलात? या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला एका घरी गेलो होतो. खाली दोन माग, वर राहतं घर. मावशींनी माळ्यावरून एक पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. "पोराचं हाय वो हे. तो आता पुण्याला असतोय. चालतंय का बघा, न्हाईतर भंगारात जाईल." पिशवीत हळदीच्या दुधासारखा पिवळट पडलेला व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक बंदूक आणि चार कॅसेट. मी बघतोय तोवर मावशींच्या नातवानं टीव्हीमागचा कुठलासा अडॅप्टर ओढला आणि पिन बसते का ते बघायला लागला. मी त्याचा हात धरला.

हा लेख त्यासाठीच लिहितोय. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर तगलेलं मशीन खाली आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मरतं. धूळ, ऊन, झुरळं यांनी जेवढी मशीनं मारली नसतील, तेवढी आपल्या उतावीळपणानं मेलेली मी पाहिली आहेत. आणि जी वाचतात त्यांची किंमत विकताना आपणच घालवतो, तीही बहुतेक वेळा खोटं नाव सांगून.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही

ही सगळ्यात महागाची चूक, म्हणून आधी हीच.

अडॅप्टरच्या तीन गोष्टी जुळाव्या लागतात: व्होल्ट, एसी की डीसी, आणि पिनच्या आत प्लस आहे की मायनस. आज घरात पडलेल्या राउटरच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरला बहुतेक आत प्लस असतो. निन्टेन्डो कंपनीच्या जपानी मशीनला, म्हणजे फॅमिकॉमला, मात्र १० व्होल्ट डीसी लागतं आणि आत मायनस. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हलाही आत मायनस, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलला आत प्लस. अमेरिकन निन्टेन्डो एनईएसचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसीचा. आपल्याकडच्या, फॅमिकॉमची नक्कल केलेल्या मशीनचा काहीच नेम नाही, म्हणून मशीनच्या पोटाखालचं चित्र वाचा. एका वाटोळ्या कंसात ठिपका असतो आणि त्याच्या दोन बाजूंना प्लस-मायनस. ठिपक्याला जोडलेलं चिन्ह म्हणजे आतलं.

मल्टीमीटर नसेल तर आधी तो घ्या, कॅसेट नंतर घ्या. लाल काडी पिनच्या आत, काळी बाहेरून. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर आत मायनस आहे. जुना जड अडॅप्टर, ज्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो, तो मोकळा मोजला तर ९ च्या जागी १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघडलेला नसतो, भार पडला की आकडा खाली येतो.

जपानहून आलेल्या वस्तूंचं तर वेगळंच. तिथे घरात १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. नात्यातल्या एकानं माझ्यासाठी हौसेनं सुपर फॅमिकॉम आणलं होतं. खोक्यातला मूळ अडॅप्टर मी सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला. आधी गुरगुर, मग जळका वास, आणि मी बटणापर्यंत पोचेस्तोवर संपलेलं होतं. ते खोकं अजून कपाटात आहे आणि अजूनही वाईट वाटतं. जपानी प्लेस्टेशन आणि जाडा प्लेस्टेशन २ यांचा तर अडॅप्टर मशीनच्या पोटातच असतो, त्यामुळे वायर आपल्या सॉकेटला बसते आणि माणूस फसतो. २३० चे १०० व्होल्ट करणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्यांना हात लावू नका.

फुंकर मारू नका, आणि पॉलिश पेपर तर नकोच

कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची. आपण सगळे हेच करत मोठे झालो. खरं काम मात्र फुंकरीनं होत नव्हतं. काढून परत घातल्यामुळे पिना नव्यानं घासल्या जात आणि संपर्क जुळे. फुंकरीतून तांब्यावर थुंकीचा ओलावा बसतो आणि पुढे तिथेच हिरवट गंज चढतो. फुंकू नका असं निन्टेन्डोनंही सांगितलं होतं.

यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'आयपीए' म्हटलं की देतात. कापसाची काडी त्यात भिजवून पिनांच्या लांबीच्या दिशेनं ओढायची, काळी पडली की दुसरी घ्यायची. काडी पांढरी निघेपर्यंत हेच. मग दहा मिनिटं वाळू द्यायचं. रॉकेल, पेट्रोल, कुलपात मारायचा स्प्रे यातलं काही नको, त्यांचा चिकटा मागे राहतो. पॉलिश पेपरनं पिना चकचकीत दिसतात खऱ्या, पण त्यांच्यावरचा पातळ मुलामा उडतो आणि सहा महिन्यांत त्या पहिल्यापेक्षा काळ्या पडतात.

कॅसेट स्वच्छ, तरी पडदा करडा किंवा पट्ट्यापट्ट्यांचा? मग दोष मशीनच्या खाचेतल्या धातूच्या पट्ट्यांचा. त्या दबून सैल होतात. जुन्या कॅसेटच्या पिनांवर आयपीए लावून तीच दहा-बारा वेळा आत-बाहेर केली तर बऱ्याचदा काम होतं.

मावशींचं मशीन उघडलं तेव्हा मात्र आत वेगळीच गोष्ट होती. बोर्ड दिसतच नव्हता. त्यावर कापसाचा थर बसलेला, नमद्यासारखा दाट, मधूनच लाल, मधूनच हिरवा. खालच्या मागावर वर्षानुवर्षं जे रंगीत सूत चाललं, त्याचाच तो. चिमट्यानं एक टोक धरलं तर अख्खी घडी उचलून आली, आणि खाली बोर्ड कोरा करकरीत. मागांच्या पूर्व भागातल्या घरांतून आलेलं मशीन असेल तर ते उघडून हा कापूस काढल्याशिवाय चालू करूच नये. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो ९-१० व्होल्टचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेलं सगळं उष्णतेत घालवतो. त्याला कापसाची दुलई पांघरून ठेवली तर तो तापून बंद पडतो. "पाच मिनिटं चालतंय आणि बंद होतंय" या तक्रारीचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे. मशीन अजिबातच उठत नसेल तर याच रेग्युलेटरच्या बाहेरच्या पायावर ५ व्होल्ट येतात का ते मोजा. आत ९ जातात पण बाहेर काही नाही, असं दिसलं तर हा सुटा भाग बदला. अगदी स्वस्तात मिळतो आणि कुठलाही टीव्ही दुरुस्त करणारा बसवून देतो.

चित्र काळं-पांढरं आलं म्हणून मशीन खराब ठरवू नका

आपला टीव्ही पाल पद्धतीचा, जपानी मशीन एनटीएससी. पद्धत जुळली नाही की रंग जातो किंवा चित्र वर-खाली पळतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टम बदलून बघा. मूळ जपानी फॅमिकॉमला तर पिवळी वायरच नाही, फक्त अँटेनाची, आणि तिचे चॅनल आपल्या टीव्हीला सापडत नाहीत. तसं मशीन घेण्याआधी कुणी त्यात पिवळ्या वायरीची सोय (एव्ही) बसवून दिलीय का, हे विचारा.

बंदुकीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. बदक मारायची ती बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही, आणि चालणारही नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड नेमक्या त्या क्षणी शोधतो. डबा टीव्हीत चित्र येतं त्याच क्षणी उमटतं, नव्या टीव्हीत ते प्रक्रिया होऊन जरा उशिरा येतं, तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते. चांगल्या बंदुका याच कारणानं भंगारात गेल्या. घरात चालू डबा टीव्ही असेल तर तोही देऊन टाकू नका.

पिवळेपणा, ऊन आणि गुंडाळलेल्या वायरी

प्लास्टिक पिवळं पडतं ते मळानं नाही, त्यामुळे घासून जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची युक्ती सगळीकडे दिसते. ती चालते, पण आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलं तर झाकण वाकतं, आणि पेरॉक्साइड एकसारखं लागलं नाही तर ढगांसारखे डाग पडतात ते कायमचे. शिवाय काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो. मी स्वतः हे करत नाही. एकसारखं पिवळं मशीन मला डागाळलेल्या पांढऱ्यापेक्षा बरं वाटतं.

रिमोटची वायर रिमोटलाच गुंडाळून ठेवू नका. वायरीचं मऊ आवरण कडक प्लास्टिकला खातं आणि त्यात खाचा पडतात. पत्र्याखालच्या माळ्यावर तर हे लवकर होतं. हातात धरून खेळायच्या गेम बॉयमध्ये सेल ठेवून देणं हीसुद्धा तशीच चूक. ते पाझरले असतील आणि पांढरट-निळसर पूड दिसली, तर पट्ट्या व्हिनेगरच्या काडीनं पुसा आणि मग आयपीएनं.

आणखी एक. नऊ पिनांचं तोंड दिसलं म्हणून मेगा ड्राइव्हचा रिमोट नकली मशीनला लावू नका. तोंड सारखं असलं तरी आतली जोडणी वेगळी असते.

"सेव्ह होत नाही" म्हणजे कॅसेट मेली नाही

गेम बॉयच्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सीआर २०२५ ची बटण बॅटरी असते. ती संपली की जपून ठेवलेला खेळ पुसला जातो, पण गेम शाबूत राहतो. बॅटरी बदलली की पुन्हा सेव्ह होतं. मात्र ती पत्र्याच्या पायांना टाचलेली असते. साधी बॅटरी चिकटपट्टीनं दाबून बसवू नका, पाय असलेली मागवा आणि डाग लावून (सोल्डर करून) घ्या. पोकेमॉनच्याच रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे, ती संपली तरी सेव्ह टिकतं. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये बॅटरी नसतेच. म्हणून फायररेड उघडल्यावर बॅटरी दिसली तर ती कॅसेट नकली समजा.

विकताना: जे आहे त्याचंच नाव घ्या

फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आलं. आपल्या घराघरांत जे पोचलं ते बहुतेक त्याच्यासारखं बनवलेलं ६० पिनांचं मशीन होतं: लिटल मास्टर आणि कितीतरी बिननावाची. सेगाचं मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीनं भारतात अधिकृतपणे आणलं तेव्हा किंमत होती १८,००० रुपये. आपल्यातल्या किती घरांना ती परवडली असेल? म्हणजे सोलापुरात माळ्यावरून निघालेलं मशीन बहुधा नकलीच असणार, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. आपलं बालपण त्याच्यावरच गेलं. पण जाहिरातीत 'ओरिजिनल निन्टेन्डो' लिहिलं की जाणता गिऱ्हाईक पहिल्याच फोटोला उठून जातो, आणि अजाणता घेतो तो पुढे आपल्याला नावं ठेवतो.

खरं लिहिलं तर त्यालाही गिऱ्हाईक आहे. बोर्ड उघडून फोटो टाका. सगळं काम एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली असेल तर ते नंतरचं स्वस्त मशीन. दोन मोठ्या, चाळीस-चाळीस पायांच्या चिप वेगवेगळ्या दिसल्या तर ते आधीचं, आणि संग्राहक त्यासाठी जास्त मोजतात. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असेल तर आत प्रत्यक्षात किती वेगळे गेम आहेत ते मोजून लिहा. त्याच टँकच्या गेमची तीच लेव्हल वेगवेगळ्या नावांनी दिलेली असते, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं.

परदेशी साइटवर कुणीतरी मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. 'विकलेल्या वस्तू' ही गाळणी लावा आणि प्रत्यक्षात काय भावाला गेलं ते बघा. तेही खोक्यासकट असलेल्या मूळ वस्तूचं की सुट्ट्या वस्तूचं, हे तपासून.

पैशांच्या बाबतीत एकच गोष्ट पाठ करा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. वस्तू न बघता, घासाघीस न करता "लगेच पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. फसलात तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा.

पार्सल करताना कॅसेट खाचेतून काढून वेगळी गुंडाळा. एकदा एका कुरिअरनं पाठवलेलं मशीन माझ्याकडे आलं, ते खाचेतल्या पट्ट्या वाकलेल्या अवस्थेत, कारण पाठवणाऱ्यानं कॅसेट आतच ठेवली होती. बांधताना व्हिडिओ काढा, मशीन चालू असतानाचाही.

कॅसेटवर मार्करनं लिहिलेली पोरांची नावं पुसू नका. मी तरी पुसत नाही.

आणि विकण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. मावशींचं मशीन साफ केलं, रेग्युलेटर बदलला, चालू झालं. व्हिडिओ त्यांनी मुलाला पाठवला. रात्री साडेदहाला त्याचा फोन. "काका, मशीन तुम्ही ठेवा. टँकची कॅसेट तेवढी माझ्याकडं पाठवता का? त्याच्यावर दादाचं नाव हाय." दुसऱ्या दिवशी ती आयपीएनं पुसली, नाव सोडून, आणि पुण्याला पाठवून दिली.