व्हिडिओत काय घालायचं, आणि आधी काय काढून ठेवायचं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दहावीच्या विज्ञानाचे नऊ व्हिडिओ मी चार दिवसांत उरकले. साड्या आठवडाभर आधी काढल्या, इस्त्री केल्या, ब्लाउज जुळवले. दिसायला सगळं छान. मग धाकट्या भाचीला एडिटिंगला दिले, तर तिचा रात्री साडेदहाला फोन. "आत्या, तू भांडी घासता घासता शिकवलंस का गं?" मोठ्या भाचीच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा माझ्या दोन्ही हातांत होता, आणि केप्लरचा दुसरा नियम सांगताना मी हवेत लंबवर्तुळ काढत होते. ग्रह सूर्याजवळ आला की खळ्ळ, लांब गेला की खळ्ळ. नऊच्या नऊ पुन्हा रेकॉर्ड केले. म्हणून हे लिहून ठेवतेय.

कपडे स्वच्छ, इस्त्रीचे, गळा बेताचा, छातीवर कुठल्या कंपनीचं नाव नको. हे सांगायची गरज नाही.

रंग निवडताना आधी मागे काय आहे ते बघा. हिरव्या फळ्यापुढे बाटली हिरवी साडी नेसलात तर नुसतं मुंडकं तरंगताना दिसतं. पांढऱ्या फळ्यापुढे पांढरा कुर्ता, तेच. आणि मागचा हिरवा पडदा एडिटिंगमध्ये काढून तिथे चित्र लावणार असाल, तर अंगावर हिरवं काहीही नको, काठसुद्धा नको. पडदा जाईल तसा काठही जाईल आणि तुमच्या खांद्यातून सूर्यमाला दिसेल. पांढराशुभ्र कपडा तसाही टाळाच. फोन आपला उजेड आपणच ठरवतो, त्याला चौकट फार उजळ वाटली की तो सगळंच अंधारं करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्याकुट्टला उलटं, चेहरा पिठूळ होतो. घालायचंच असेल तर बऱ्याच फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड तिथेच बांधला जातो, ते करा. नाहीतर निळा, मरून, मोरपंखी, मोहरी, यांतलं काहीही चालतं. फार विचार करू नका, रंगापायी कुणाचा व्हिडिओ वाया गेलेला मी पाहिला नाही. आवाजापायी गेलेला पाहिलाय.

बारीक चौकडी आणि बारीक रेघा मात्र नकोतच. कॅमेऱ्याच्या आत ठिपक्यांची जाळी असते. कापडावरच्या रेघा त्या जाळीइतक्या बारीक दिसायला लागल्या की दोन्ही मिळून तिसरीच नक्षी तयार होते. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून हलवून बघा, लाटा दिसतील. अगदी तसं. इरकलीची बारीक चौकडी डोळ्यांना सुंदर, पण पडद्यावर ती पाण्यासारखी हलते आणि मुलं तीच बघत बसतात. पुरुषांच्या ऑफिसच्या बारीक रेघांच्या शर्टाचंही हेच. बोटभर रुंद पट्टे, मोठी बुट्टी, साधा रंग, याला काही होत नाही. काठाची जर चमकते, समोर गोल दिवा असेल तर काठावर पांढरा डाग पडतो. दिवा जरा वर आणि बाजूला घ्या, चष्म्यातलं चकचकणारं कडंही त्यानेच जातं.

आता मूळ मुद्दा. कपडे नुसते बघून निवडू नका, ऐकून निवडा. छोटा माइक छातीवर लावला की तो तुमच्या तोंडाइतकाच तुमच्या पदराच्याही जवळ असतो. खळ दिलेली सुती साडी कडकड करते. रेशमी पदर माइकवर घासला की वाळक्या पानांतून चालल्यासारखी सळसळ. टेरिकॉट, नायलॉन, विंडचीटर, नावच काढू नका. चार वेळा धुतलेलं मऊ सुती सगळ्यात बरं, बिचारं गप्प असतं.

माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावा. साडी असेल तर पदराच्या निऱ्या डाव्या खांद्यावर घट्ट पिनअप करून, निऱ्यांच्या आतल्या कडेला, म्हणजे वरून काही घासणार नाही असा. वायरचा एक छोटा फेरा चिमट्यातच अडकवा, म्हणजे वायर ओढली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या माइकच्या उंचीवर लोंबतात. ते ब्लाउजच्या आत घ्या किंवा त्या दिवशी आखूड घाला. झुमक्यांऐवजी कुड्या. पुरुषांनी खिशातल्या किल्ल्या, सुटे पैसे, टिकटिक करायची सवय असलेलं पेन बाहेर काढावं.

आणि बांगड्या. बांगड्या काढा. "पण मी हात हलवतच नाही" असं मीही म्हणत होते. हलवता. काचेच्या हातातून उतरत नसतील तर साबण लावा. तरीही नाही तर सगळ्या वर कोपराकडे सरकवून रुमाल घट्ट गुंडाळा आणि वरून लांब बाही घाला. सोन्याच्या दोन असल्या तरी दोन एकमेकींवर वाजतात. एकटी पाटली चालेल असं वाटतं, पण ती टेबलाच्या कडेवर टकटक करते. एडिटिंगमध्ये काढू, या भरवशावर तर मुळीच राहू नका. पंख्याची घरघर सलग असते, ती ओळखून सॉफ्टवेअर बरीचशी पुसतं. बांगडी अचानक वाजते आणि नेमकी शब्दावर वाजते. ती काढायला गेलं की शब्दही जातो. भाचीने माझा एक व्हिडिओ तसा 'साफ' करून दाखवला, त्यात मी गुरुत्वाकर्षणाऐवजी 'गुत्वार्षण' शिकवत होते.

म्हणून आदल्या दिवशी, खरे कपडे आणि खरे दागिने घालून, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. नुसतं नमस्कार-चमस्कार नको. हात वर करा, फळ्याकडे वळा, दोन ओळी लिहा, खाली वाका, पदर सावरा. मग इअरफोन लावून, डोळे मिटून ऐका. फोनच्या स्पीकरवर हे ऐकू येत नाही, मीही तिथेच फसले. डोळे उघडे ठेवून बघायचं ते नंतर.

आवाजासाठी पंखा बंद म्हणजे घाम. करड्या आणि फिक्या निळ्या रंगावर काखेतली ओल लगेच दिसते. दोन तुकड्यांच्या मध्ये पंखा लावा, टॉवेल जवळ ठेवा.

एक धडा दोन दिवस चालणार असेल तर तीच साडी, तसाच पदर. पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवा. मी आठवणीवर गेले, प्रकाशाच्या अपवर्तनात मधेच माझं ब्लाउज बदलतं.

खाली गाऊन किंवा हाफ पँट नको, कधीतरी उठावं लागतंच. पावडर थोडी. केस बांधा, माइकवर घासतात. पाणी. फोन सायलेंट.

शेवटी दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकदा झटका. काही वाजलं का? मग काढा ते.