गेमवरून मालिका लिहिताना: कंट्रोलरचं काम कोणाकडे द्यायचं?

मालिका बघणाऱ्याचे हात रिकामे असतात. फार तर चहाचा कप असतो. गेम खेळणारा मात्र हातातल्या कंट्रोलरची बटणं दाबून दार ढकलतो, गोळ्या मोजतो, कपाटं उचकतो, पायाखाली काच वाजली की मरतो आणि पुन्हा सुरू करतो. जगबुडीनंतरच्या एखाद्या गेमवरून मालिका लिहायची तर आधी हे ठरवावं लागतं, की त्या हातांचं काम आता कोणाकडे जाणार: पात्राकडे, कॅमेऱ्याकडे, आवाजाकडे, की कोणाकडेच नाही. ते न ठरवता गोष्ट उतरवायला बसलं की धावपळ भरपूर आणि जीव कुणाचाच गुंतलेला नाही, अशी स्क्रिप्ट तयार होते.

उदाहरणं दोन घेऊ. ‘द लास्ट ऑफ अस’ हा बुरशीच्या साथीनंतरच्या जगातला, नॉटी डॉग कंपनीचा गेम 2013 मध्ये प्लेस्टेशन 3 वर आला आणि क्रेग मेझिन व नील ड्रकमन यांनी केलेली मालिका 2023 मध्ये एचबीओवर आली. दुसरं अणुयुद्धानंतरच्या जगातलं ‘फॉलआउट’: पहिला गेम 1997 चा, मालिका 2024 ची, प्राइम व्हिडिओवर. दोन्हींतलं बरंच काही पुढे फुटणार आहे. बघायच्या राहिल्या असतील तर आधी बघून या.

दोनदा खेळा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा नुसतं खेळा. दुसऱ्यांदा सगळ्यात सोप्या पातळीवर, म्हणजे मरण्यात वेळ जाणार नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा आणि पाच रकाने भरा: जागा कोणती, खेळणारा काय करतो, नवीन काय कळलं, दोन माणसांचं नातं कुठून कुठे सरकलं, आणि किती मिनिटं गेली. यूट्यूबवर फक्त कटसीन, म्हणजे गेममध्ये मधूनमधून नुसते बघायचे सीन, जोडून केलेले व्हिडिओ मिळतात, पण त्यांवर विसंबू नका. ‘द लास्ट ऑफ अस’ पुरा करायला साधारण 15 तास लागतात आणि त्यातली बरीचशी गोष्ट कटसीनच्या बाहेर आहे. नायकाबरोबर निघालेली मुलगी एली भिंतीवरचं पोस्टर बघून काय बोलते, नायक जोएल उत्तर द्यायचं कसं टाळतो, हे सगळं चालता-चालता घडतं.

वही भरली की ज्या ओळींत तिसरा आणि चौथा रकाना कोरा आहे, त्यांवर काट मारा. निम्म्याहून जास्त ओळी जातील. घाबरू नका. एलीला पोहता येत नाही म्हणून जोएल लाकडी पॅलेट ढकलत पाण्यातून नेतो, हा प्रकार गेममध्ये इतक्यांदा येतो की खेळणाऱ्यांत त्याचा विनोद झालाय. हातात कंट्रोलर असताना तो चालून जातो, कारण अडथळा आपणच सोडवत असतो. दुसऱ्यानं पॅलेट ढकललेलं तीन मिनिटं कोण बघेल?

आता पानांचा हिशोब. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. 50 मिनिटांच्या भागाला 50 पानं. त्यात सलग मारामारी सहा पानांच्या वर गेली, तर ती दोन ठिकाणी तोडा किंवा तिच्या मधोमध कोणाला तरी एखादा निर्णय घ्यायला लावा. भागांची लांबी सारखी ठेवण्याचा अट्टहासही नको. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग 81 मिनिटांचा आहे आणि पहिल्या सीझनचा शेवटचा त्याच्या जवळपास निम्म्यावर आटोपतो.

तीच गोष्ट सांगायची, की त्याच जगातली नवी?

हे ठरवायची एक साधी कसोटी आहे. गेमच्या नायकाला स्वतःचं नाव, चेहरा आणि स्वभाव आहे का? जोएल सगळ्यांचा जोएलच असतो, त्यामुळे तीच गोष्ट पुन्हा सांगता येते. ‘फॉलआउट’मध्ये नायक खेळणारा स्वतः घडवतो. एकाचा नायक साधू, दुसऱ्याचा खाटीक. त्यांतला कोणता खरा मानला तरी बाकीचे रागावणारच. म्हणून मालिकेनं गोष्ट 2296 सालात, म्हणजे चौथ्या गेमनंतर नऊ वर्षांनी ठेवली आणि माणसं सगळी नवी आणली. त्यातही एक हुशारी आहे. बॉम्बपासून वाचायला बांधलेल्या तळघरातून नुकती बाहेर पडलेली ल्युसी, ब्रदरहूड या चिलखतधारी फौजेचा शिपाई मॅक्सिमस आणि किरणोत्सर्गानं विद्रूप होऊन दोनशे वर्षं जगलेला घूल ही तिघं म्हणजे गेम खेळायच्या तीन तऱ्हा आहेत: भाबडेपणानं, चिलखत मिळवायच्या हावेनं आणि कशाचीच पर्वा न करता. नायकाची निवड खेळणाऱ्याकडून काढून घेतली आणि तीन पात्रांत वाटून टाकली.

नवी गोष्ट निवडली तर सनावळीची वही वेगळी करा आणि तिला एकच राखणदार नेमा. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात एका वर्गातल्या फळ्यावर शेडी सँड्स या शहराच्या पाडावापुढे 2277 लिहिलंय आणि तिथून निघालेला बाण बॉम्बच्या ढगाच्या चित्राकडे जातो. ‘न्यू वेगास’ हा ‘फॉलआउट’चाच एक गेम 2281 मध्ये घडतो आणि त्यात हे शहर ज्यांची राजधानी, त्या लोकांचं राज्य उभं आहे. मग आमचा लाडका गेम आता खरा धरायचा नाही का, म्हणून चाहते पेटले. बॉम्ब ‘न्यू वेगास’च्या नंतर पडला, असा खुलासा गेमवाल्यांना करावा लागला. खडूनं लिहिलेले चार आकडे! हा चाहता चित्र थांबवून फळा वाचतो. वीस वर्षं गेममधल्या भिंतींवरचं लिखाण वाचूनच तो तयार झालाय.

रोगाचे, वाळवंटाचे आणि भुकेचे नियम

गेममधले नियम खेळ चालावा म्हणून बनवलेले असतात. मालिकेतले नियम शंका घेणाऱ्यासमोर टिकावे लागतात. कागदाच्या एका पानात मावतील एवढेच नियम लिहा आणि प्रत्येकापुढे ‘नाहीतर काय?’ असा प्रश्न टाका.

‘द लास्ट ऑफ अस’ गेममध्ये बुरशीचे बीजाणू हवेत तरंगतात आणि अशा जागी पात्रं मास्क चढवतात. पडद्यावर यानं दोन घोळ होतात. बीजाणू वाऱ्यावर उडत असतील तर ते तळघराच्या दारापाशी अदबीनं थांबतात कसे? आणि मास्क घातला की नटाचा अर्धा चेहरा गेला, मग अभिनय बघायचा कशात? मालिकेनं पहिल्या सीझनमध्ये बीजाणू काढले आणि जमिनीखालून पसरणारं तंतूंचं जाळं आणलं. एका ठिकाणी पाय पडला की लांबवरच्या बाधितांना खबर लागते. एक नियम काढताना दुसरा, जास्त कामाचा, हाती आला. नियम बदलायचा तर असा बदला.

साथ पसरली कशी, हेही मालिकेनं पिठातून मांडलंय, आणि ते सांगायची पद्धत शिकण्यासारखी आहे. पहिल्या भागात कोणी काही समजावत नाही. सकाळी पॅनकेक होत नाहीत. शेजारी बिस्किटं देऊ करतात, तर जोएल पीठ-साखर टाळणाऱ्या ॲटकिन्स डाएटचं कारण सांगतो. मुलगी शेजारणीकडची मनुकांची कुकी नाकारते. वाढदिवसाचा केक आणायला बाप विसरतो. जकार्तातली पिठाची गिरणी दुसऱ्या भागात येते आणि तिसऱ्या भागात जोएल पिठाचं नाव काढतो, तेव्हा बघणारा मनातल्या मनात पहिल्या भागातली चार ताटं मोजतो. ही मोजणीच त्याच्या हाताला दिलेलं काम. अशा खुणा पेरताना चारावर थांबा. सहा-सात झाल्या की त्या ओरडायला लागतात.

गोळ्या, औषधं, अन्न यांचे कोपऱ्यातले आकडे मालिकेत दिसत नाहीत, पण टंचाई दिसायला हवी. सगळा साठा दाखवायला गेलात तर किराणा मालाची यादी होईल. एका पात्राला एकच वस्तू कमी पाडा. ‘फॉलआउट’च्या घूलला भान टिकवायला औषधाच्या कुप्या लागतात. ही भर मालिकेची, गेममधले घूल त्यांच्यावाचून जगतात. त्या कुप्या फुटतात आणि तो ल्युसीला विकायला निघतो. साठ्याचा आकडा शून्यावर आला आणि त्यातून कथानक हललं.

चिठ्ठीतून माणूस

सगळ्यात जास्त माल पडलेला असतो तो चिठ्ठ्यांत, टर्मिनलवरच्या, म्हणजे गेममधल्या जुन्या संगणकांवरच्या, नोंदींत आणि रिकाम्या घरांत. खेळणारा हे सगळं स्वतः शोधतो म्हणून त्याला ते मोलाचं वाटतं. पात्र चिठ्ठी उचलून वाचतंय, असा सीन सरळ उतरवला तर मोल उडून जातं आणि माहिती तेवढी उरते.

बिलचं प्रकरण शेजारी-शेजारी ठेवून बघा. गेममध्ये लिंकन गावात बिल जिवंत आहे. सापळ्यात अडकून उलट्या टांगलेल्या जोएलनं गोळ्या झाडायच्या, शाळेत घुसायचं, गाडीची बॅटरी शोधायची. शेवटी बिलचा जोडीदार फ्रँक याचं प्रेत लटकलेलं सापडतं आणि त्याची कडवट चिठ्ठी मिळते, की तुझा मला वीट आला होता. प्रकरणाचं काम काय? जोएल आणि एलीला गाडी मिळणं, आणि माणसांना लांब ठेवणारा माणूस शेवटी कसा एकटा पडतो ते जोएलला दिसणं.

मालिकेच्या तिसऱ्या भागानं ही दोन्ही कामं राखली आणि बाकी सगळं उलटं केलं. मारामारी जवळजवळ गेली. बिल आणि फ्रँक वर्षानुवर्षं एकत्र जगतात. फ्रँक एक बंदूक देऊन स्ट्रॉबेरीचं बी मिळवतो, गुपचूप वाफा लावतो, आणि पहिलं फळ तोंडात टाकल्यावर तो दांडगा, संशयी बिल पोरासारखा खिदळतो. पुढे दोघंही शांतपणे, स्वतःच्या मर्जीनं जातात. चिठ्ठी इथेही आहे, पण ती बिलची आहे, जोएलसाठी आहे आणि एली मोठ्यानं वाचते: तुझ्या-माझ्यासारख्यांचं काम एका माणसाला जपणं हेच आहे. बिलला वाटतं, जोएलजवळ त्याची जोडीदार टेस आहे. टेस तर आधीच्या भागात गेलीय. एली वाचत असते आणि जोएलला तिथे उभं राहवत नाही. गाडी मिळते ती यानंतर.

तेव्हा प्रत्येक प्रकरणाचं काम एका वाक्यात लिहा. ते वाक्य शाबूत असेल तर घटना खुशाल बदला. वाक्यच बदलत असेल तर पुढच्या तीन भागांत काय कोसळतंय ते तपासा.

जिथे खेळणाराच गुन्हेगार होतो

ही जागा सगळ्यात अवघड. गेमच्या शेवटी रोगावर उपाय काढायच्या शस्त्रक्रियेत एलीचा जीव जाणार असतो. तिला सोडवायला जोएल त्या खोलीत पोचतो. सर्जन नस्तर धरून समोर उभा राहतो आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. बटण तुम्ही दाबता. त्या अपराधाचा वाटा तुमच्याकडे येतो. मालिका बघणाऱ्यावर तो कसा टाकणार?

दोन चुका हमखास होतात. एक, हा भाग झकास ॲक्शन सीन म्हणून लिहिणं, मग लोक शिट्ट्या मारतात. दोन, जोएलच्या तोंडी पश्चात्तापाचं भाषण घालणं. मालिकेनं आवाज मागे ढकलला. गोळ्या जणू लांबून ऐकू येतात, वर गुस्ताव्हो सांताओलाया यांचं उदास संगीत, आणि जोएल कामावर निघाल्यासारखा मजल्यावरून मजल्यावर मारत जातो. थरार काढून घेतला की बघणाऱ्याला त्याच्या बाजूनं ओरडता येत नाही, नजर वळवावीशी वाटते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये अशा पानावर ॲक्शनच्या ओळी आखूड ठेवा आणि आवाजाची सूचना मुद्दाम लिहा. ती दिग्दर्शकावर सोडू नका.

दुसऱ्या गेममध्ये हाच पेच मोठा आहे. अर्धा गेम एलीच्या हातून खेळून झाल्यावर तेच तीन दिवस तुम्हाला जोएलला मारणारी ॲबी होऊन खेळावे लागतात, जिचा तोवर द्वेष केलात तिचेच हात तुमचे होतात. हे मालिकेत नाही जमत. म्हणून 2025 च्या सीझनमध्ये ॲबीचं कारण सुरुवातीलाच उघड केलंय. गेमसारखं ते दाबून ठेवलं असतं तर उत्तरासाठी पुढच्या सीझनपर्यंत थांबावं लागलं असतं. ॲबीची दांडगी शरीरयष्टी मालिकेत नाही यावरही बरीच ओरड झाली. गेमला ती लागत होती, कारण चपळ एली आणि ताकदवान ॲबी खेळताना वेगळ्या वाटायला हव्यात. तो प्रश्न कंट्रोलरबरोबर संपला.

बाधितांची संख्याही अशीच. गेममध्ये क्लिकर, म्हणजे टकटक आवाज काढणारे आंधळे बाधित, डझनांनी येतात, कारण मारणं हेच काम असतं. पडद्यावर चौथा क्लिकर येईतो भीती बोथट होते. एका सीझनमध्ये मोठे हल्ले दोन किंवा तीन पुरतात. बाकी ठिकाणी नुसती ती टकटक ऐकवा.

जागेबद्दल थोडक्यात. पडीक जग संगणकावर उभारण्याआधी खरं पडीक शोधा. ‘फॉलआउट’नं नामिबियातल्या कोल्मान्सकोप या हिऱ्यांच्या खाणीच्या ओसाड गावात चित्रण केलं, जिथे घरांत खिडकीपर्यंत वाळू साचलीय. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला सीझन कॅनडातल्या अल्बर्टात झाला आणि बॉस्टनचं स्टेट हाउस म्हणून एडमंटनचं विधिमंडळ उभं राहिलं.

आणि हक्क. दुसऱ्याच्या गेमवरून रूपांतर करायचा अधिकार कॉपीराइट कायदा, 1957 नुसार मालकाचा. परवानगीवाचून लिहिलेली स्क्रिप्ट सरावाला चालेल, विकायला नाही. स्वतःचं जग रचलं असेल तर निर्मात्याला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून घ्या.

पहिल्या भागाचा खर्डा झाला की तो दोघांना द्या: एक गेम तोंडपाठ असलेला, एक कंट्रोलर कधी न धरलेला. पहिला चुका काढेल, त्या यादीतल्या सनावळीच्या आणि नियमांच्या तेवढ्या घ्या. दुसऱ्याला सांगा, की जिथे ‘हा असं का करतोय?’ वाटेल तिथे पेन्सिलीनं फुली मार. तीनपेक्षा जास्त फुल्या सलग दहा पानांत आल्या, तर तिथे अजून तुम्ही खेळताय. ती पानं वहीशी लावून परत लिहा.