उजनी भरली, पण तुमच्या पाळ्या किती? सोलापूरच्या रब्बीसाठी पाणी-सल्ला

हस्त नक्षत्र संपत आलं की आपल्याकडे हॉटेलात, एसटीत, बाजारात एकच प्रश्न असतो, "उजनी किती झाली?" समोरचा "शंभरच्या वर" म्हणाला की विचारणाऱ्याच्या डोक्यात उसाचं बेणं नाचायला लागतं. या वर्षीच्या रब्बीचं बोलण्याआधी हा आकडा जरा सोलून बघू.

उजनी धरणात एकूण पाणी मावतं सुमारे 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातला 63.65 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवायचं पाणी, आणि 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. आपण ऐकतो ती टक्केवारी फक्त या उपयुक्त साठ्याची. म्हणजे "शून्य टक्के" झाली तरी धरणात 63 टीएमसी असतं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात उणे साठच्या आसपास गेली तेव्हाही गाळ धरून 31-32 टीएमसी होतंच. पण ते पाणी शेतीचं नव्हतं. कालवे त्याच्या आधीच कोरडे पडलेले. उलट बाजूनंही तेच. शंभर टक्के झाली म्हणून 117 टीएमसी आपल्या चारीत, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या पाटात, येत नाही. आपण सगळे वाटेकरी आहोत ते 53 टीएमसीचे. त्यात डावा-उजवा कालवा, भीमा-सीना जोडबोगदा, उपसा सिंचन योजना, सोलापूर शहर, पंढरपूर-सांगोला-मंगळवेढ्याचं पिणं, कारखाने आणि एमआयडीसी. शिवाय बाष्पीभवन. उजनी पसरट आहे, पाण्याखालचं क्षेत्र 29 हजार हेक्टरांच्या घरात. त्यावरून एक सेंटीमीटर पाणी उडालं की 0.1 टीएमसी गेलं. एप्रिल-मेच्या उन्हात एक सेंटीमीटर उडायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून टक्केवारी विचारू नका, पाळ्या विचारा, म्हणजे कालव्याचं पाणी किती वेळा सुटणार ते. आपल्या चारीला रब्बीत किती, उन्हाळ्यात किती, आणि दोन पाळ्यांत अंतर किती दिवसांचं. पाटबंधारे खात्याचा रब्बी हंगाम 15 ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी हंगाम मार्च ते जून. 15 ऑक्टोबरचा साठा धरून कालवा सल्लागार समितीत आवर्तनं, म्हणजेच या पाळ्या, ठरतात. तो निर्णय हातात येईपर्यंत उसाच्या बेण्याला विसार देऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

नदीकाठच्या मंडळींना मात्र वेगळं सांगायचंय, कारण तिथं चित्रच बदलतंय.

आजवर सोलापूर शहराला पाणी तीन वाटांनी यायचं: उजनीवरून सुमारे 110 किलोमीटरची पाइपलाइन, हिप्परग्याचा एकरूख तलाव, आणि भीमेवरचा टाकळीचा उपसा. टाकळीसाठी औज आणि चिंचपूर बंधारे भरावे लागतात, आणि ते भरायला उजनीतून थेट भीमेच्या पात्रात पाणी सोडलं जातं. नदीनं ते अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. एका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडावं तेव्हा कुठं औज भरतो. बाकीचं वाळूत, डोहात, वाटेतल्या बंधाऱ्यांत आणि खरं सांगायचं तर आपल्या मोटारींत. "शहराचं पाणी आलं" म्हणत आपण त्या पाण्यावर ऊस जगवला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी आलीय, क्षमता दिवसाला 170 दशलक्ष लिटर. हिशोब करून बघा. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. ही लाइन पूर्ण क्षमतेनं रोज चालली तर दिवसाला 17 कोटी लिटर, म्हणजे एक टीएमसी पुरतं 166 दिवस. वर्षाला सव्वादोन टीएमसीच्या आत. एकीकडे वर्षभराचे सव्वादोन, दुसरीकडे नदीनं एका खेपेला पाच-सहा. जलसंपदा खात्यात बसलेला कुणीही माणूस काय ठरवेल, हे सांगायला ज्योतिषी नको. लाइन जसजशी पूर्ण दाबानं चालेल, तसतसं शहरासाठी नदीत पाणी सोडण्याचं कारण कमी होत जाणार.

शहरवासीयांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ बघितलेली माणसं आहेत ती, आणि आपलीच पोरं तिथं खोल्या करून शिकतात. पण नदीकाठच्या शेताचं गणित यानं बदलतं, आणि सगळ्यांचं सारखं बदलत नाही. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या पाणीयोजना अजून भीमेवर आहेत, आषाढीला चंद्रभागेत पाणी लागतंच. तेव्हा मंगळवेढ्यापर्यंतच्या पात्रात काही ना काही पाणी फिरत राहील. खरी ओढ बसेल ती त्याच्या खाली, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या काठाला. तिथल्या शेतकऱ्यांनी उन्हाळ्यातल्या नदीच्या पाण्याला या वर्षीपासून "आलं तर आलं" या खात्यात टाकावं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, ठेच लागून सांगतोय. 2023 च्या पावसाळ्यात उजनी जेमतेम साठ टक्क्यांपर्यंत गेली होती. तरी जानेवारीत मी नदीच्या भरवशावर दीड एकर 'सुरू' हंगामाचा ऊस लावला. उन्हाळ्यात पाणी सुटलं, नदी डोळ्यांदेखत वाहत होती. पण पिण्याचं पाणी पुढं जावं म्हणून काठावरच्या मोटारींची वीज बंद. सात-आठ दिवस मी काठावर उभा राहून पाणी जाताना बघितलं. मेअखेरीस अर्धा ऊस वाळला, उरलेला जनावरांना. नियम चुकीचा होता असं नाही, पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे. चूक माझी. जे पाणी माझं नव्हतं ते मी माझ्या पिकाच्या हिशोबात धरलं.

आता रानाकडे वळू.

ज्याच्याकडे एकही भरवशाची पाळी नाही, फक्त जमिनीतली ओल आहे, त्यानं ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी पिढ्यान् पिढ्या पाण्याशिवाय येते, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. वाण म्हणाल तर हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली. मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1. भारी रानाला फुले वसुधा, फुले यशोदा. पाणी द्यायचंच असेल तर फुले रेवती. एकरी चार किलो बी, काणी रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळून. पाऊस लांबल्यानं वाफसाच (पेरणीजोगी ओल) 15 ऑक्टोबरनंतर आला तर ज्वारीचा हट्ट धरू नका, उतारात मार बसतो. थोडं पाणी हाताशी असेल तर त्या रानात विजय, दिग्विजय किंवा फुले विक्रम हरभरा घ्या.

कोळपणीचं, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं हलवण्याचं, मात्र ऐका. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं म्हातारी माणसं म्हणायची, आणि आपल्या भेगाळणाऱ्या जमिनीत ते अक्षरशः खरं आहे. पहिली तीन आठवड्यांनी, दुसरी पाचव्या आठवड्यात. तिसरी, जी बहुतेक जण सोडून देतात, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. तेव्हा जमीन तडकायला लागलेली असते. भेगेत हात घातला तर आत गार लागतं, ती ओल रोज वाऱ्यावर जात असते. तिसऱ्या कोळपणीनं भेगा बुजतात. मजुरी जाते, मान्य. पण कडब्याच्या पेंढीत आणि दाण्याच्या भरण्यात ती परत येते.

विहिरीचं एखाद-दुसरं पाणी असेल तर ते कधी द्यायचं हा सगळा खेळ. ज्वारीला पाण्याच्या वेळा चार: 28-30 दिवसांनी जोमदार वाढीत, 50-55 दिवसांनी पोटरीत, 70-75 दिवसांनी फुलोऱ्यात, 90-95 दिवसांनी दाणा भरताना. दोनच देता आले तर पहिले दोन साधा. एकरी दोन-अडीच इंच पाणी म्हणजे दोन-अडीच लाख लिटर, तेवढं पुरे. वाफा तुडुंब भरून बांधावरून ओसंडलं म्हणजे जास्त पिकतं असं काही नाही. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं भरलेलं असेल तर त्यात सुमारे 22 लाख लिटर असतं, म्हणजे आठ-नऊ एकर ज्वारीला एक संरक्षित पाणी निघतं. तेच पाणी एक एकर उसाला ठिबकनं उन्हाळ्यात रोज वीस हजार लिटरनं दिलं तर 110 दिवसांत संपतं, तेही उडून जाणारं न धरता. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि मग ठरवा.

ऊस लावूच नका असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पण लावायचाच तर पूर्वहंगामी, 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. उन्हाळा येईपर्यंत त्याच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू ऊस कोवळा असतानाच एप्रिलच्या तोंडी सापडतो. क्षेत्र किती? विहीर-बोअरला गेल्या मे महिन्यात किती तास उपसा होता, तेवढ्यावर जेवढं ठिबक चालेल तेवढंच. कालव्याची पाळी वरची मलई समजा. खोडव्यातलं पाचट (तोडणीनंतरचा वाळका पाला) पेटवू नका, सरीत दाबा. ताण बसलाच तर दोन टक्के युरिया आणि दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश एकत्र फवारतात, त्यानं पीक तग धरतं, पण ते पाण्याला पर्याय नाही. डाळिंबवाल्यांना एवढंच: हस्त बहाराला पाणी थोडं पण नेमानं द्या. आठ दिवस कोरडं आणि पाळी आली की धो-धो, असं केलं की फळ तडकतं.

ठिबकची परीक्षा आत्ताच घ्या. शेतातल्या सर्वांत लांबच्या नळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली एक ग्लास ठेवा. चार लिटरचा ड्रिपर असेल तर तीन मिनिटांत 200 मिली पाणी जमलं पाहिजे. मी गेल्या आठवड्यात लावला तर जेमतेम 120 भरलं, आणि नळीचं तोंड उघडल्यावर हिरवट, बुळबुळीत लोळा बाहेर आला. उजनीच्या पाण्यात पुण्याकडचं सांडपाणी मिसळतं, शेवाळ त्यावर पोसतं, आणि ते आपल्या ड्रिपरमध्ये येऊन बसतं. वाळूचा फिल्टर उलटा धुवा, सबमेन आणि नळ्यांची टोकं सोडून फ्लश करा. शेवाळाला क्लोरीन, क्षाराला आम्ल, पण दोन्ही एका दिवशी कधीच नाही. एकत्र आले तर विषारी वायू होतो. आधी एक प्रक्रिया, 24 तास ठेवून नळ्या स्वच्छ धुणं, मग मध्ये काही दिवस सोडून दुसरी.

कोल्हापुरी बंधारा जवळ असेल तर बर्ग्यांकडे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांकडे, लक्ष ठेवा. पूर ओसरून नदीचा वाहता प्रवाह हातात असतानाच ते बसले पाहिजेत. आमच्या खालच्या बंधाऱ्यावर एका वर्षी ते दिवाळीनंतर बसले, तोवर ओढ्याचं पाणी कर्नाटकात पोचलं होतं. रबर फाटलेलं असेल तर बसलेल्या बर्ग्यांच्या फटीतून रात्रभर पिचकाऱ्या उडत राहतात. गावातल्या दहा जणांनी वर्गणी काढून नवं रबर आणलं तर तो खर्च एका रब्बीत फिटतो.

आणि पाणी मागणीचा अर्ज. नमुना नंबर 7 मुदतीत भरा, गट नंबर आणि पिकाचं क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे लिहा, मागची थकबाकी असेल तर ती आधी मिटवा, आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पाळी आपल्या टोकापर्यंत आली नाही तर शाखा कार्यालयात तोंडी भांडण्यापेक्षा ती पोच दाखवलेली बरी. अर्ज एकट्यानं देण्याऐवजी चारीवरच्या सगळ्यांनी, पाणीवापर संस्था असेल तर तिच्यामार्फत, एकदम द्या. टोकाच्या दोन शेतकऱ्यांना पुढं ठेवा, कारण पाणी कमी पडल्याचं पहिल्यांदा त्यांनाच कळतं.