पियानो निवडताना सुटा सूर ऐकू नका

नाशिकला गंगापूर रोडवर माझ्याकडे हार्मोनिअम शिकणारं पोर पियानोकडे वळलं, की पालक विचारतात, "सर, कॉम्प्युटरवरचा कुठला घेऊ?" माझं एकच सांगणं, सुटा सूर वाजवून ठरवू नका. तो सगळ्यांचाच गोड लागतो.

त्याऐवजी असं करा. मंद्रातली पांढरी एक, म्हणजे पियानोची C, आवाज न होऊ देता हळूच दाबा आणि दाबूनच ठेवा. मग वरच्या सप्तकातली पांढरी एक खणकन वाजवून लगेच सोडा. खऱ्या पियानोत खालची तार गुणगुणत राहते, हातोडी तिला लागलेली नसतानाही. सतारीच्या तरफा झंकारतात तसंच.

सॅम्पल्ड पियानो म्हणजे प्रत्येक पट्टीचं, कमीजास्त जोरात वाजवलेलं रेकॉर्डिंग. लाकडाचा पोत अस्सल, पण डिस्कवर कित्येक जीबी जागा जाते आणि ही गुणगुण वेगळी घालावी लागते. कुणी घालतं, कुणी नाही. मॉडेल्डमध्ये रेकॉर्डिंगच नसतं. तार, हातोडी, साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) सगळं गणितानं त्या क्षणी घडतं, त्यामुळे गुणगुण आपसूक येते. तुलूझच्या मोडार्टचा पियानोटेक 2006 साली आला तो असाच, आणि जागा नावालाच घेतो.

दुसरी परीक्षा सोपी आहे. एकच पट्टी अगदी हळूपासून जोरात, वीसेकदा वाजवा. आवाजाचा रंग मध्येच उडी मारतो का, ते ऐका.

पेडल मात्र नीट बघून घ्या. मी महिनाभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, आणि दोष निघाला माझ्या स्वस्तातल्या पेडलचा. ते नुसतं चालू-बंद होणारं, अर्धं दाबलेलं त्याला कळतच नव्हतं!

आणि खरा? देवळालीत एका ओळखीच्या बंगल्यात जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो आहे. दोनशेच्या वर तारा. पावसाळ्यात साउंडबोर्ड दमट हवेनं फुगतो आणि सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो. एका सुराच्या तीन तारा आपसात फिसकटल्या की आवाजाला लाटा येतात. तरी त्याचा खर्ज पोटात जाणवतो, तो मला कुठल्याच हेडफोनमध्ये मिळाला नाही.

गाण्याच्या रेकॉर्डिंगला मी सॅम्पल्ड वापरतो, रियाजाला मॉडेल्ड. पियानोटेकची ट्रायल फुकट आहे, काही पट्ट्या मात्र मुक्या असतात. आधी तिच्यावर हे करून बघा. मुकी पट्टी लागली तर दोन्ही सप्तकांत शेजारची धरा.